ब्लास्टला प्रतिकार करणारं जनुक सापडलंय, मग ते लोक-१ मध्ये का घालत नाहीत?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही कृषी पदवीधर, निफाडजवळ घरची शेती, दरवर्षी लोक-१ हा गव्हाचा जुना वाण थोडा असतोच. बांगलादेशात गव्हावर ब्लास्ट हा बुरशीचा रोग आला, मग एका रानगवताच्या जनुकामुळे तिथे प्रतिकारक वाण निघाला, असं तुमच्या वाचनात आलं. तेव्हा तेच जनुक लोक-१ मध्ये का घालत नाहीत, घातलं तर किती वर्षं लागतील, आणि तोवर उत्तरेतून ‘करण वंदना’ या ब्लास्टला तोंड देणाऱ्या वाणाचं बियाणं मागवून पेरावं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पेरणी तोंडावर आहे. नका मागवू. करण वंदना म्हणजे डीबीडब्ल्यू १८७, वाण उत्तम आहे, पण त्याची निवड उत्तरेच्या मैदानातल्या लांब थंडीत झाली. आपल्याकडे थंडी आखूड, दाणा भरायच्या वेळी ऊन चढलेलं असतं. जो रोग आपल्या शेतात नाही त्याच्या धास्तीने दुसऱ्या हवामानाचा वाण आणणं म्हणजे आजचं उत्पन्न घालवून उद्याचा विमा काढणं. फुले समाधान, एमएसीएस ६२२२ असे आपल्या विभागासाठी निवडलेले वाण आहेत, त्यातून ठरवा.

आता मुख्य मुद्दा. माझी नोकरी गव्हाच्या पैदाशीतच गेली, त्यामुळे ‘जनुक मिळालं, आता फक्त घालायचं’ हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलंय. जनुक घालणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. अवघड दोन गोष्टी आहेत. आपल्या देशात जो रोग आणायलाच बंदी आहे त्याच्यासाठी निवड करायची कशी, ही एक. आणि सगळ्या जगाचा भरवसा गुणसूत्राच्या एकाच तुकड्यावर आहे, तो किती दिवस टिकेल, ही दुसरी.

रोगाची ओळख थोडक्यात करून देतो, कारण भातावरच्या करप्याशी त्याची गल्लत होते. बुरशी एकाच जातीची, पण भातावरची शाखा वेगळी आणि गव्हावरची वेगळी. शेजारच्या भातावर करपा आला म्हणून तुमच्या गव्हावर ब्लास्ट येत नाही. गव्हाला पानांपेक्षा ओंबीचा धोका मोठा. बुरशी ओंबीच्या मधल्या दांड्यात शिरते, तिथे राखाडी-काळा डाग पडतो आणि त्या जागेच्या वरचा सगळा भाग पाणी न मिळाल्याने पांढरा पडतो. खालची कणसुली, म्हणजे ओंबीतले फुलांचे छोटे झुपके, मात्र हिरवीगार राहतात. वरच्या भागातले दाणे चिमून जातात, डाग अगदी बुडाशी असेल तर आख्खी ओंबी पोकळ. आठवड्यापूर्वी छान दिसणारं शेत पिकल्यासारखं पांढरं दिसू लागतं, आणि तोपर्यंत फवारणीची वेळ गेलेली असते.

पहिली नोंद १९८५ ची, ब्राझीलच्या पराना राज्यातली. पुढे १९९६ मध्ये बोलिव्हिया, २००२ मध्ये पॅराग्वे, २००७ मध्ये अर्जेंटिना. २०१६ च्या फेब्रुवारीत तो बांगलादेशात उतरला आणि आठ जिल्ह्यांत मिळून सुमारे १५ हजार हेक्टर गव्हाला लागला. २०१८ मध्ये झांबियातही दिसला. जनुकीय तपासणीतून पुढे कळलं की बांगलादेशातली आणि झांबियातली बुरशी दक्षिण अमेरिकेतल्या एकाच वंशाची आहे, आणि दोन्हीकडे ती स्वतंत्रपणे पोचली. बियाण्यातून हा रोग प्रवास करतो, तेव्हा सीमेवरचं कुंपण त्याला अडवत नाही. म्हणूनच २०१७ नंतर पश्चिम बंगालने नदिया आणि मुर्शिदाबाद या दोन जिल्ह्यांत, आणि बाकी सीमेलगत ५ किलोमीटरच्या पट्ट्यात गहूच घेऊ दिला नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर गव्हाला सक्तीची सुट्टी.

हा रोग ब्राझीलमध्ये उपजला कसा, ही गोष्ट पैदासकाराने विसरू नये अशी आहे. जपानमधल्या कोबे विद्यापीठाच्या गटाने २०१७ मध्ये ती मांडली. रायगवतावर जगणाऱ्या बुरशीत एक प्रथिन असतं. बहुतेक गव्हांत ते ओळखणारं आरडब्ल्यूटी ३ नावाचं जनुक असतं, त्यामुळे ती बुरशी गव्हावर टिकतच नसे. पण त्या काळात ब्राझीलमध्ये अनाहुआक नावाचा वाण मोठ्या क्षेत्रावर गेला, आणि त्यात नेमकं हेच जनुक नव्हतं. बुरशीला गव्हावर पाय रोवायला रान मोकळं मिळालं. तिथे जम बसल्यावर तिने ते ओळखलं जाणारं प्रथिनच टाकून दिलं, आणि मग आरडब्ल्यूटी ३ असलेले वाणही तिला बळी पडू लागले. अनाहुआक निवडताना कुणी हे जनुक बघितलं नव्हतं, बघायचं कारणच नव्हतं. निवडताना आपण ज्याकडे बघत नाही ते हातातून कधी निसटलं हे कळत नाही, हे मी तेव्हापासून नव्या मुलांना सांगत आलो.

आता तुम्ही वाचलेलं ते जनुक. खरं तर ते एक जनुक नाही, गुणसूत्राचा एक तुकडा आहे. त्याला २एनएस म्हणतात. एजिलॉप्स व्हेंट्रिकोसा नावाचं गव्हाच्या नात्यातलं गवत आहे. खोडाच्या बुडाला लागणाऱ्या एका रोगासाठी फ्रान्समध्ये त्याचा गव्हाशी संकर केला, त्यातून व्हीपीएम-१ ही ओळ (ओळ म्हणजे पैदाशीतलं, अजून वाण म्हणून न आलेलं बियाणं) निघाली, आणि तिच्याबरोबर हा तुकडा गव्हाच्या २ए गुणसूत्राच्या टोकाला येऊन बसला. पुढे पैदासकारांनी तो आवडीने वापरला, कारण तिन्ही तांबेऱ्यांची एकेक जनुकं त्यात होती. मेक्सिकोतल्या सिमिट या आंतरराष्ट्रीय केंद्राच्या मिलान या ओळीतून तो जगभर पसरला. तो ब्लास्टलाही अडवतो हे नक्की झालं ते २०१६ च्या सुमारास, म्हणजे रोग आशियात येऊन धडकला तेव्हाच. ब्लास्टसाठी म्हणून तो कुणीही आणला नव्हता. निव्वळ नशीब.

त्यामुळे बांगलादेशच्या बारी गोम ३३ या वाणाची गोष्टही जरा वेगळ्या नजरेने वाचा. २०१६ ला रोग आला आणि २०१७ ला प्रतिकारक वाण प्रसारित झाला. बातमी वाचून वाटतं, वर्षभरात वाण घडवला. वाण आधीच चाचण्यांत होता, त्यात २एनएस होता, शिवाय दाण्यात जस्तही जास्त होतं. रोग आल्यावर फक्त ‘आपल्या हातात काय काय आहे’ हे तपासलं गेलं. आपल्याकडे डीबीडब्ल्यू १८७ किंवा एचडी ३२४९ हे वाण ब्लास्टला तोंड देतात असं दिसलं तेही याच पद्धतीने, तयार वाण तपासून. पैदाशीत संकटाच्या वेळी उपयोगी पडतं ते दहा वर्षांपूर्वी केलेलं काम.

लोक-१ मध्ये हा तुकडा घालायचाच म्हटलं तर काम कसं चालेल ते सांगतो. लोक-१ ची ओंबी पोटरीतून नुकती वर आली की, परागकोश अजून हिरवे असताना, ती हाती घ्यायची. वरची-खालची कणसुली आणि प्रत्येक कणसुलीतली मधली फुलं काढून टाकायची, उरलेल्या फुलांची तुसं कात्रीने वरून छाटायची आणि चिमट्याने प्रत्येक फुलातले तीन परागकोश उचलायचे. एक जरी फुटला तरी ती ओंबी बाद. मग बटर पेपरची पिशवी चढवायची. दोन-तीन दिवसांत कुक्षी पिसासारखी फुलते. त्या सकाळी २एनएस असलेल्या झाडाची ओंबी छाटून क्षणभर उन्हात धरली की पिवळे परागकोश बाहेर डोकावतात. ती पिशवीत उलटी घालून फिरवायची. मिळणारे दाणे मोजकेच, आणि तेही सुरकुतलेले.

त्या संकराचा पुन्हा लोक-१ शी संकर, मग पुन्हा, मग पुन्हा. प्रत्येक वेळी निम्म्या रोपांत तुकडा येतो, निम्म्यांत नाही. रोप लहान असतानाच पानाचा तुकडा घेऊन डीएनए मार्करने, म्हणजे २एनएस आहे की नाही हे दाखवणाऱ्या डीएनएतल्या खुणेने, तपासलं की नको ती रोपं लगेच उपटता येतात. २एनएससाठी मार्कर चोख आहे, कारण हा तुकडा गव्हाच्या गुणसूत्राशी सहसा अदलाबदल करत नाही, आख्खाच्या आख्खा पुढच्या पिढीत जातो. तीन परत-संकरांनंतर सरासरी ९३ ते ९४ टक्के लोक-१ परत मिळतो. शेवटी एक पिढी स्वपरागणाची, म्हणजे तुकडा दोन्ही बाजूंनी पक्का होतो. निलगिरीत वेलिंग्टनला उन्हाळ्यात गहू घेता येतो, त्यामुळे वर्षाला दोन पिढ्या होतात. कृत्रिम उजेडात झटपट पिढ्या घेण्याची सोय असेल तर त्याहून जास्त. म्हणजे जनुक घालायला तीनेक वर्षं.

आणि मग खरा वेळ जातो. स्थानिक चाचणी, अखिल भारतीय समन्वित चाचण्यांची तीन वर्षं, अधिसूचना, मग पैदासकार बियाणं, पायाभूत, प्रमाणित. तुमच्या हातात पिशवी यायला सगळं धरून आठ वर्षं धरा. परत-संकराच्या वाणाला चाचणीत थोडी सवलत मिळू शकते, पण बियाणं वाढवायला लागणारे हंगाम कुणालाच चुकत नाहीत.

इथे माझं मत स्पष्ट सांगतो, पटेलच असं नाही. ही आठ वर्षं लोक-१ वर घालवू नयेत. टपोरा दाणा, लवकर येणारा, चपातीला चांगला, हे सगळं खरं, आणि म्हणूनच चाळीस वर्षं उलटूनही तो शेतात आहे. पण तांबेऱ्याला तो कधीच बळी पडलेला आहे. ब्लास्ट न आलेल्या महाराष्ट्रात ब्लास्ट-प्रतिकारक पण तांबेरा येणारा गहू कुणाला हवाय? त्यापेक्षा लोक-१ चा दाणा आणि लवकर येण्याचा गुण नव्या संकरात घ्यावा, तांबेऱ्याची आणि ब्लास्टची जनुकं दुसऱ्या बाजूने आणावीत, आणि त्या पसाऱ्यातून निवड करावी. वेळ थोडा जास्त लागतो, मिळतं खूप जास्त.

आता मघाशी म्हटलेली पहिली अडचण. आलेला वाण खरंच प्रतिकारक आहे हे तपासायचं कुठे? ही बुरशी भारतात आणून मुद्दाम शेतात सोडणं शक्यच नाही, आणि तसं कुणी करूही नये. म्हणून आपल्या ओळी बांगलादेशात जशोरला आणि बोलिव्हियात किरुसियास व ओकिनावा या ठिकाणी पाठवल्या जातात. हो, ओकिनावा, जपानी स्थलांतरितांनी वसवलेलं बोलिव्हियातलं गाव. अशा चाचणी क्षेत्रात दिवसभर ठरावीक वेळाने फवाऱ्यांतून धुकं सोडतात, ओंब्या ओल्या ठेवतात. प्रत्येक ओळ फुलोऱ्यात आली की त्या ओळीतल्या ठरावीक ओंब्यांना खूण करून बुरशीच्या बीजाणूंचं पाणी फवारतात, दोन दिवसांनी पुन्हा एकदा. साधारण तीन आठवड्यांनी खुणेच्या ओंब्या तपासायच्या: किती ओंब्यांना रोग लागला, आणि लागलेल्या ओंबीचा किती भाग पांढरा झाला. दोन्हींचा गुणाकार म्हणजे रोगाचा निर्देशांक.

वाचायला सरळ वाटतं, पण यात एक खोच आहे आणि ती आपल्या वाणांना फार लागू होते. या रोगाला २५ ते ३० अंश तापमान आणि लागोपाठ ओलावा लागतो. जो वाण लवकर फुलतो तो गारठ्यातच फुलून मोकळा होतो, त्याला रोग कमी येतो, आणि कागदावर तो प्रतिकारक दिसतो. उशिरा फुलणारा गरम दिवसांत सापडतो आणि बिचारा नापास होतो. आपले द्वीपकल्पीय वाण बहुतेक लवकर येणारे. म्हणजे आपली ओळ चांगली निघाली की पैदासकाराने हुरळून जाण्याआधी बघायचं, तिच्याच दिवशी फुललेला, रोगाला हमखास बळी पडणारा तुलनेचा वाण किती पांढरा झाला होता. तोही हिरवा असेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. म्हणून एकच ओळ दोन-तीन वेगवेगळ्या तारखांना पेरतात, किमान दोन हंगाम.

मग प्रयोगशाळेत रोपांवरच का तपासत नाहीत? तपासतात, पण पानावरचा प्रतिकार आणि ओंबीतला प्रतिकार यांचं नेहमी जमतंच असं नाही. रोपावस्थेत ठणठणीत दिसलेली ओळ ओंबीत ढेपाळलेली असते. नुकसान ओंबीतून होतं, तेव्हा निकाल ओंबीचाच धरावा लागतो.

दुसरी अडचण मला जास्त अस्वस्थ करते. आज जगात ब्लास्ट-प्रतिकारक म्हणून जे वाण आहेत त्यातले बहुतेक २एनएसवर उभे आहेत. हा तुकडा पूर्ण संरक्षण देत नाही, तीव्रता कमी करतो. किती कमी करतो हे बाकीच्या वाणावर अवलंबून असतं, एका वाणात तो झकास चालतो, दुसऱ्यात जेमतेम. आणि दक्षिण अमेरिकेत त्याला न जुमानणाऱ्या बुरशीच्या नोंदी झालेल्या आहेत. याच तुकड्यावर पिवळ्या तांबेऱ्याचं जे जनुक आहे त्याचं युरोपात १९९० च्या दशकात काय झालं ते आम्ही पाहिलंय. वाण लोकप्रिय झाले, क्षेत्र वाढलं, आणि तांबेऱ्याने त्यावर मात केली. ब्लास्टच्या बाबतीत वेगळं घडेल असं मानायला मला कारण दिसत नाही.

म्हणून जोडीदार शोधणं चाललंय. आरएमजी ७ नावाचं जनुक आहे, पण तापमान वाढलं की त्याची ताकद घटते, आणि रोग तर उष्णतेतच येतो. आरएमजी ८ त्या मानाने उष्णतेत तग धरतं. अलीकडे कळलं की ते आणि भुरीला प्रतिकार करणारं पीएम ४ हे जनुक एकच आहे. म्हणजे युरोपातले पैदासकार भुरीसाठी जे जनुक सांभाळत होते ते ब्लास्टलाही चालतं, आणि बांगलादेश-झांबियात पोचलेला वंश या जनुकाला अडतो. पुन्हा नशीबच म्हणायचं. मात्र ब्राझीलमधल्या काही बुरशींनी त्यालाही बगल दिलेली आहे. म्हणून आरएमजी ८ एकटंच घालणं हाही उपाय नाही. २एनएस, आरएमजी ८ आणि वर छोट्या परिणामांची जनुकं, हे सगळं एका वाणात आणायचं.

यात एक व्यावहारिक पेच आहे. २एनएस असलेल्या वाणात आरएमजी ८ आलं की नाही, हे शेतात बघून कळत नाही. दोन बैल जुंपलेल्या गाडीत कोणता बैल ओढतोय आणि कोणता नुसता चालतोय, हे गाडी बघून जसं सांगता येत नाही, तसंच. तेव्हा प्रत्येक पिढीत मार्करने तपासण्याला पर्याय नाही. आणि छोट्या परिणामांची जनुकं शोधायची तर २एनएस नसलेल्या ओळींची वेगळी चाचणी लावून त्यातली कमी पांढरी झालेली वेचावी लागते. हे काम कंटाळवाणं, बातमी होत नाही असं. पण मला विचाराल तर पैसा तिथे जायला हवा.

झांबियातल्या बुरशीबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो. प्रयोगशाळेत तिचा आफ्रिकेतल्या नाचणीवरच्या बुरशीशी संकर होतो असं दिसलंय. आज ती एकाच वंशाची आहे म्हणून तिचा अंदाज बांधता येतो. तसा संकर शेतात झाला तर नवे प्रकार येतील आणि आजची जनुकांची यादी पुन्हा तपासावी लागेल. आपल्याकडेही घाटमाथ्यावर आणि कोकणात नाचणी आहे आणि तिच्यावर करपाही आहे. आज घाबरण्यासारखं काही नाही, पण पैदासकाराच्या डोक्यात ही गोष्ट असावी.

महाराष्ट्रात धोका किती, हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. वेळेवर पेरलेला आपला गहू जानेवारीत निसवतो, तेव्हा रात्री गार आणि हवा कोरडी असते. ही परिस्थिती बुरशीला मानवत नाही. डिसेंबरअखेर पेरलेला गहू फेब्रुवारीत फुलला, त्याच वेळी अवकाळी पाऊस लागून राहिला, ढगाळ हवा दोन-तीन दिवस टिकली आणि कुठून तरी रोगट बियाणं आलेलं असलं, तर चित्र बदलतं. यातलं बियाणं तेवढं आपल्या हातात आहे. बंगालकडून, नातेवाइकाकडून, ‘जस्तवाला गहू’ म्हणून कुणी पाच किलो दिला तरी तो पेरू नका. फवारणीवर विसंबायचं तर ब्राझीलमध्ये स्ट्रोबिल्युरीन गटाच्या औषधांना ही बुरशी दाद देईनाशी झाली, एवढं लक्षात असू द्या.

आणि हंगामात पांढऱ्या ओंब्या दिसल्या तर लगेच ब्लास्ट म्हणून फोटो फिरवू नका. ओंबी हाताने ओढून बघा. अलगद निघून आली आणि खोड आतून कुरतडलेलं असेल तर तो खोडकिडा. झाड मुळासकट सहज उपटलं गेलं तर वाळवी किंवा मूळकूज. ओंबी घट्ट आहे, खालचा भाग हिरवा, वरचा पांढरा, तर दोहोंच्या सांध्यावर कणसुली बाजूला करून दांडा बघा. तिथे काळपट राखाडी डाग असेल तर ओंबी तोडून गावभर दाखवत फिरू नका. झाड जागेवरच ठेवा, दांड्याचा जवळून फोटो काढा, पेरणीची तारीख आणि बियाणं कुठून आणलं ते लिहा आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांना किंवा तुमच्या जवळच्याच निफाडच्या संशोधन केंद्राला शेतावर बोलवा.